कादंबरीवर बेतलेला, की कादंबरीतून बेतलेला?

एका वाचकाचा प्रश्न आलाय: ‘जाडजूड अद्भुतरम्य कादंबऱ्या आणि कॉमिक्स यांच्यावरून निघालेल्या चित्रपटांवर लेख लिहितोय. या प्रकाराला मराठीत काय म्हणावं? चित्रपटीकरण, रूपांतर, माध्यमांतर, अनुकूलन असे चार शब्द सापडले. “बेतलेला” असंही वाचलंय, पण ते जरा घरगुती वाटतं. कोणता शब्द घेऊ?’

अनुकूलन आधी बाजूला ठेवू. हिंदीत तो या अर्थाने चालतो, पण मराठी शाळेत विज्ञान शिकलेल्या माणसाला अनुकूलन म्हटलं की वाळवंटातला उंट आठवतो. चित्रपटीकरण चूक नाही, अवजड आहे. विद्युतीकरण, डांबरीकरण यांच्या पंगतीला बसल्यासारखा वाटतो. कंत्राट निघालं, काम झालं.

रूपांतर हा शब्द मात्र मुरलेला आहे. भाषांतर, वेषांतर, स्थलांतर यांच्यातलं ‘अंतर’ दोन गावांमधलं नव्हे. इथे त्याचा अर्थ ‘दुसरं’. दुसरं रूप ते रूपांतर. व्युत्पत्तीने पाहिलं तर कादंबरीच्या चित्रपटाला तो चपखल बसतो. अडचण वेगळीच आहे. मराठी रंगभूमीने सव्वाशेहून अधिक वर्षं हा शब्द वापरून वापरून त्याला स्वतःचा अर्थ दिलाय. देवलांनी ‘ऑथेल्लो’चं ‘झुंजारराव’ केलं ते रूपांतर. पुलंनी हेमिंग्वेचा म्हातारा कोळी मराठीत आणला तो ‘एका कोळियाने’ हा अनुवाद, आणि शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली लंडनची फुलवाली मराठी करून टाकली ती ‘ती फुलराणी’ हे रूपांतर. म्हणजे आपल्याकडे रूपांतरात माती बदलते, माणसांची नावं बदलतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्जचं रूपांतर’ असं नुसतं लिहिलंत तर एखाद्याला वाटेल, अंगठी घेऊन कुणीतरी सह्याद्री चढतंय. (वाईट नाही कल्पना.) त्यामुळे रूपांतर लिहायचंच तर ‘नाट्यरूपांतर’च्या धर्तीवर ‘चित्रपट-रूपांतर’ असं पूर्ण लिहा. माध्यमांतर अचूक आहे, प्रबंधात शोभेल.

आता ‘बेतलेला’. तुम्हाला तो घरगुती वाटला, आणि तो आहेच. शिंप्याच्या दुकानातला शब्द आहे. माप बघून कापड आखायचं, कापायचं, म्हणजे बेतायचं. त्याच कुळातला ‘बेत’ म्हणजे योजना, आणि ‘बेताचं’ म्हणजे मापात असलेलं. हिंदीत ‘ब्योंतना’ हेच काम करतो, आणि ‘कतर-ब्योंत’ म्हणजे काटछाट. मला विचाराल तर मोठ्या कादंबरीचा चित्रपट करणाऱ्याच्या कामाचं याहून नेमकं वर्णन दुसऱ्या शब्दात नाही.

पण गंमत पुढे आहे, ती ‘वर’ या प्रत्ययात. ‘अंगावर बेतलेला सदरा’ म्हणतो तेव्हा अंग पक्कं असतं आणि कापडाने त्याला जुळायचं असतं. ‘कादंबरीवर बेतलेला चित्रपट’ म्हटलं की कादंबरी हे अंग झालं: सिनेमा तिला घट्ट बसला पाहिजे, कुठे चुरगळता कामा नये. चाहत्यांची अपेक्षा नेमकी हीच असते. करणाऱ्याच्या लेखी मात्र कादंबरी हे कापड असतं, आणि अंग म्हणजे पडद्यावरचे तीन तास. तो कादंबरी‘वर’ नाही, कादंबरी‘तून’ बेततो. ‘पुस्तकातलं गाळलंच कसं?’ हे भांडण बहुतेक वेळा या एका प्रत्ययाचं असतं.

अद्भुतरम्य कादंबरीकार टोल्किनचं उदाहरण घ्या. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलं, हजार पानांच्या आसपास. पीटर जॅक्सनने २००१ ते २००३ या काळात त्याचे तीन चित्रपट केले. चित्रपटगृहातली लांबी १७८, १७९ आणि २०१ मिनिटं. सव्वानऊ तास झाले, तरी टॉम बॉम्बाडिल हे पात्र आख्खं गेलं आणि घरी परतल्यावर हॉबिटांना, म्हणजे कथेतल्या बुटक्या नायकांना, आपलाच मुलूख सोडवावा लागतो तो शेवटाकडचा भागही गेला. शिवणीही सरकल्या: बोरोमीरचा मृत्यू दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला आहे, तो पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस आला, शेलॉब ही जाळं विणणारी महाकाय कोळीण दुसऱ्या खंडाच्या शेवटी भेटते, ती तिसऱ्या चित्रपटात गेली. नंतर निघालेल्या लांब आवृत्त्यांना तर शिंप्याकडे शब्द तयारच आहे. पोर वाढेल म्हणून शिवणीत थोडं जास्तीचं कापड ठेवतात, त्याला ‘माया’ म्हणतात. जॅक्सनने नंतर माया उसवली.

‘द हॉबिट’ हे १९३७ चं पुस्तक लहान मुलांचं, एकाच खंडाचं. त्याचेही २०१२ ते २०१४ मध्ये तीनच चित्रपट, मिळून सात तास ५४ मिनिटं! आधी दोन करायचे ठरले होते, २०१२ च्या जुलैत तिसरा जाहीर झाला. इथे कापड अपुरं आणि अंग अवाढव्य. मग ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टांतलं कापड जोडलं आणि टॉरिएल हे पात्र तर नव्यानेच विणलं. याला बेतणं म्हणू नये. बेताबाहेर जाणं म्हणावं.

कॉमिक्सचं प्रकरण अजून फसवं आहे, कारण तिथे कापडावर खडूच्या रेघा आधीच आखलेल्या दिसतात. चौकटी तयार, कॅमेऱ्याचे कोन तयार, मग कापायचं काय उरलं? रॉबर्ट रॉड्रिगेझने ‘सिन सिटी’ (२००५) करताना फ्रँक मिलरच्या मूळ कॉमिकमधल्या चौकटी जवळपास तशाच पडद्यावर उतरवल्या, मिलरलाच सहदिग्दर्शक केलं, पटकथेचं श्रेय कुणालाच दिलं नाही, आणि हे रूपांतर नसून भाषांतर आहे अशी भूमिका घेतली. शब्दांची आवड असणाऱ्याने त्याला मनातल्या मनात नमस्कार करावा.

पण ‘वॉचमेन’ या कॉमिकचं तसं होईना. १९८६-८७ मधले ते १२ अंक. त्यातल्या पाचव्याची पानं आरशातल्यासारखी रचली आहेत: पहिलं पान शेवटच्याशी जुळतं, मधल्या जोडपानावर दोन्ही बाजू भेटतात. वाचक मागे जातो, पानं ताडून बघतो. चित्रपटगृहात बसलेला माणूस मागे कुठे जाणार? २००९ च्या चित्रपटाने शेवटचा महाकाय ऑक्टोपससारखा प्राणी काढून वेगळाच स्फोट घातला, त्यावर चाहते अजून भांडतात. मला ती पाचव्या अंकाची घडी जास्त खुपते. त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत चित्रकार डेव्ह गिबन्सच्या ग्राफिक नॉव्हेलवर ‘आधारित’ असं येतं; लेखक अ‍ॅलन मूरने आपलं नाव लावू दिलं नाही. ‘आधारित’ हा शब्द मी या कामापुरताच ठेवीन. मूळ माल कुणाचा ते तो सांगतो, त्याचं काय केलं ते सांगत नाही.

तर लेखाच्या शीर्षकात ‘माध्यमांतर’ घ्या, संपादक खूश होतील. आत मात्र ‘बेतणं’ बेलाशक वापरा, आणि ‘वर’ की ‘तून’ ते दर वेळी पाहून लिहा. एक सावधगिरी: आपल्याकडे ‘जिवावर बेतलं’ असंही म्हणतात. ‘हॉबिट’वर लिहिताना तो ‘वर’ चालेल.