नामचेच्या लॉजवरून फिरताना

नेपाळमधल्या एव्हरेस्टच्या वाटेवरील नामचे बाजारच्या लॉजमध्ये तळ ठोकून आधी आसपास फिरायचे आणि मग गोक्यो या तलावाकाठच्या वस्तीकडे निघायचे, असा तुमचा बेत असेल तर तो योग्यच आहे; फक्त नामचे ३,४४० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहे, हे ध्यानात घेऊन सह्याद्रीतला वेग तिथे विसरावा. दुसऱ्या दिवशी स्यांगबोचेच्या धावपट्टीवरून हॉटेल एव्हरेस्ट व्ह्यूपर्यंत (३,८८० मीटर) चढावे, खुमजुंग गावातून, हिलरींच्या पुढाकाराने १९६१ साली सुरू झालेल्या शाळेवरून परतावे आणि झोपायला नामचेलाच यावे, कारण उंच जाऊन खाली झोपल्याने शरीर विरळ हवेला सरावते. थामे गावाची वाटही एका दिवसात होते, आणि मला तीच अधिक आवडते. गर्दी कमी असते.

गोक्योचे गणित वेगळे आहे. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा संकेत आहे. नामचेहून थेट डोले (सुमारे ४,०४० मीटर) गाठल्यास तो मोडतो, म्हणून मोंग खिंड उतरून फोर्त्से थांगाला रात्र काढावी आणि मग डोले, माछेर्मो, गोक्यो असे मुक्काम करावेत, गाईडने कितीही घाई केली तरी. डोके दुखत असेल तर पुढे चढू नये. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्रीसुद्धा खाली उतरावे. वरच्या लॉजमध्ये चार्जिंगचे वेगळे पैसे पडतात, तेव्हा रोख नेपाळी रुपये नामचेतच काढून ठेवावेत आणि थंडीने बॅटरी उतरू नये म्हणून मोबाइल स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपावे.