भावाचा पोर्तुगीज पासपोर्ट आणि बहिणीचा फॉर्म

घरातलं कुणी पोर्तुगीज झालं असेल, तर आपल्याला केंद्र सरकारची, त्यातही संरक्षण खात्यातली नोकरी मिळेल का? गोव्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मला पुन्हापुन्हा भेटतो.

फोंड्याची एक मुलगी आईला घेऊन आली. वास्कोला संरक्षण खात्याच्या एका कार्यालयात तिची निवड झाली होती. पडताळणीच्या फॉर्ममध्ये आईवडील, भावंडं, प्रत्येकाचं राष्ट्रीयत्व, जन्मठिकाण, पत्ता विचारला होता. भाऊ ब्रेक्झिटच्या आधीच पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेला. आई हळूच म्हणाली, "मॅडम, त्याचं नावच घातलं नाही तर? तो इथं असतोच कुठे?"

मी मुलीला फॉर्मवरचा इशारा मोठ्याने वाचायला लावला. खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही अपात्रता ठरते, असं तिथं स्पष्ट छापलेलं आहे. भाऊ परदेशी आहे म्हणून बहीण अपात्र, असं कुठेच नाही. चौकशी जास्त होईल, वेळ लागेल, पद संवेदनशील असेल तर प्रश्नही वाढतील. पण लपवून उपयोग काय? पोलीस वाड्यावर, म्हणजे आपल्या वस्तीत, येऊन विचारतात, आणि कोणाचा मुलगा स्विंडनला आहे हे वाड्यावर कोणाला ठाऊक नसतं?

माझ्या पोटात गोळा आला तो मलाच विचाराव्या लागलेल्या पुढच्या प्रश्नाने. "बाय, तुझी स्वतःची लिस्बनला, पोर्तुगीज नागरिक म्हणून, नोंद झालीय?"

दोघी गप्प. मग आईने सांगितलं, मुलाच्या वेळी एजंटाकडे दोघांचेही कागद दिले होते. आजोबा 1961 पूर्वी पोर्तुगीज गोव्यात जन्मलेले, म्हणून हक्क होता. पोर्तुगालला दोन नागरिकत्वं चालतात. भारताला चालत नाहीत. नागरिकत्व कायदा 1955 चं कलम 9 सांगतं की स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीयत्व संपतं. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड, काढलं तरी ते नागरिकत्व नव्हे, आणि त्यावर अशी सरकारी नोकरीही मिळत नाही. भावाचा पासपोर्ट नुसता एका रकान्यात लिहायचा होता. तिच्या स्वतःच्या नागरिकत्वाला धक्का लागला असता, तर नोकरीचा पायाच गेला असता.

नशिबाने तिचे कागद एजंटाकडेच पडून होते. आईने दुसऱ्याच दिवशी ते परत आणले. वडिलांची नोंद मात्र झालेली होती, पासपोर्ट नव्हता. नुसत्या नोंदीचा अर्थ काय, ते वकिलाने बघायचं, म्हणून मी त्यांना वकिलाकडे पाठवलं आणि त्यांच्या सल्ल्याने फॉर्म भरायला सांगितला. भावाचं सगळं, स्विंडनच्या पत्त्यासकट, तिने लिहिलं.

नेमणूक उशिरा आली, पण आली. काही महिन्यांनी तिचा फोन. स्थळ आलं होतं, मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवाला. मी म्हटलं, लग्नाला बंदी नाही, पण केंद्र सरकारी नोकरांसाठीच्या 1964 च्या वर्तणूक नियमांप्रमाणे परदेशी नागरिकाशी लग्न केलं की कार्यालयाला लगेच कळवावं लागतं.

"आईच म्हणाली," ती म्हणाली, "आधी मॅडमना विचार."