रील्स आणि राहिलेला विषय

प्रश्न : एम.एस्सी.ला आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेऊन राहतो. रात्री अकराला ‘पाच मिनिटं’ म्हणून रील्स उघडतो, अडीच वाजतात. परवा एक विषय राहिला. तेव्हापासून फोन ठेवला की छातीत धडधडतं. काय करू?

उत्तर : भावा, ते धडधडण्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. राहिलेल्या विषयाचा विचार नको म्हणून तू रील्समध्ये दडतोस, असं मला वाटतं. तो विचार संध्याकाळीच वहीत उतरव : फेरपरीक्षा कधी, कुठले धडे, कुणाला विचारायचं. पडद्याच्या उजेडानं मेलाटोनिन (झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक) दबतं खरं; पण जागवते ती पुढच्या रीलची हाव, तिथं नाइट मोड काय करणार? साधं गजराचं घड्याळ आण, फोन दाराजवळ चार्जिंगला लाव. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर ऊठ, खुर्चीत बस, पेंग आली की परत आडवा हो. सकाळी उठायची वेळ मात्र एकच, रविवारीसुद्धा. रंकाळ्यावर चक्कर मार. सकाळच्या उजेडानं झोपेचं घड्याळ जागेवर येतं. (मी उठायचो ते गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाच्या आशेनं!) संध्याकाळनंतर चहा नको. महिनाभरात फरक नाही पडला तर डॉक्टरांना भेट. आणि जगणंच नकोसं वाटलं तर त्याच क्षणी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. मराठीत बोलता येतं.