खोडरबराने पडलेलं भोक

"खेळताना हिला सगळं येतं हो. वही उघडली की रडायला लागते. मग खेळ बंदच करू का?" आईचा हा पहिला प्रश्न. वेगवेगळ्या शब्दांत तो माझ्याकडे नेहमी येतो. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

चौथीतली मुलगी वही तळहाताने झाकून बसली होती. मागितल्यावर तिने हळूच हात काढला. एका वजाबाकीत हातच्याच्या जागी खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं. आपलं चुकलेलं कुणाला दिसू नये, यातच तिचा सगळा जीव अडकला होता.

मी टेबलावर २१ बटणं मांडली. आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायची. शेवटचं बटण उचलेल तो जिंकला. पहिले तीन डाव ती हरली आणि दर वेळी "परत!" म्हणाली. चौथ्या डावात ती मध्येच थांबली, ओठ पुटपुटले, आणि माझ्यासमोर नेमकी चार बटणं ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. आता मी कितीही उचलली तरी डाव तिचाच होता. पुढच्या डावात तिला आठाचीही गंमत कळली. तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, हा तर चारचा पाढा! म्हणून दाखव बघू." मुलीचा हात बटणांवरून मांडीवर गेला.

आईची तळमळ खरी होती. मुलगी बाहेर गेल्यावर मी त्यांना म्हटलं, खेळ बंद करू नका, खेळात शिरलेली तोंडी परीक्षा बंद करा. खेळात चुकलं तर डाव जातो आणि नवा मांडता येतो. वहीतल्या चुकीवर लाल रेघ येते आणि ती तिथेच राहते. मन धास्तावलेलं असलं की हातचा लक्षात ठेवायलाही डोक्यात जागा उरत नाही. तिला वजाबाकी येत नव्हती असं मला वाटलं नाही. (बरेच महिने खेळूनही लहान-मोठी संख्या ओळखता येत नसेल, तर मात्र तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.)

वहीकडे परत जायला मी शाळेत गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची मदत घेतली. त्यांनी १९४९ साली शोधलेली ६१७४ ही संख्या मला फार प्रिय आहे. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. त्याच अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, तीतून लहानात लहान वजा करा, आलेल्या उत्तराचं (ते तीन अंकी असेल तर सुरुवातीला शून्य लावून) पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. शिवाय प्रत्येक उत्तराच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भाग जातो. तो गेला नाही, तर कुठेतरी चुकलंय हे मुलाला स्वतःलाच कळतं. आईने विचारायची गरज उरत नाही, म्हणून मी हाच खेळ निवडला.

दोन आठवड्यांनी ती आली ती वही उघडूनच. ३५२४ पासून सुरुवात होती. ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०९७. बाजूला बारीक अक्षरात "१९, नाही". चुकलेल्या उत्तरावर एकच आडवी रेघ, आणि खाली ३०८७.

"दशकातला हातचा विसरले होते," ती म्हणाली आणि पान उलटून मला पुढची दाखवू लागली.