श्वास रोखायच्या रिसर्चमध्ये भावाले जाऊ द्यावं का?

प्रश्न: नमस्कार ताई. आमचं गाव वैनगंगेच्या काठी, घरी मासेमारी. माझा लहान भाऊ नागपूरले शिकते, वय 21. तिथं एका रिसर्चसाठी धडधाकट पोरं पाहिजेत म्हणे, थंड पाण्यात तोंड बुडवून श्वास रोखायचा अन् ईसीजी काढणार. सुट्टीत घरी आला तर नदीत बुड्या मारून प्रॅक्टिस करून रायला. पण नववीत असताना तो पोहता पोहता बेशुद्ध पडला होता, लोकांनी ओढून काढलं. ते फॉर्ममदी लिहू नको, घेणार नाही, असं मित्र सांगतात. आई घाबरली हाय. जाऊ द्यावं का जी?
– एक बहीण, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर: ताई, नदीवरची प्रॅक्टिस आजच बंद करायला लावा, बाकीचं मग. पोरं काय करतात, बुडी मारायच्या आधी जोरजोरात श्वास घेत राहतात, वाटतं छातीत हवा भरून ठेवली. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि श्वास घ्यायची जी तगमग होते ती मुख्यतः तो वाढल्यामुळेच होते. मग तगमग होतच नाही, पोराला बरं वाटत राहतं, इकडे ऑक्सिजन संपतो आणि तो पाण्याखालीच बेशुद्ध होतो, ना हातपाय मारणं ना आवाज. काठावरच्याला कळतही नाही. पट्टीचे पोहणारेच असे जातात, म्हणून मला याचं फार वाईट वाटतं.

लॅबमध्ये तसं नसतं, गार पाण्याचं घमेलं, छातीला वायरी, बाजूला डॉक्टर, वाटलं तेव्हा तोंड वर. चेहऱ्याला गार पाणी लागून श्वास थांबला की मेंदू व्हेगस नावाच्या नसेमार्फत ठोके मंद करतो, हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळतात, ऑक्सिजन हृदय आणि मेंदूसाठी राखला जातो. सीलसारख्या पाण्यात बुड्या मारणाऱ्या प्राण्यांत हे जोरात होतं, आपल्यात कमी. इंडोनेशियातल्या बजाऊ लोकांची, ते पिढ्यानपिढ्या बुड्या मारून मासे धरतात, प्लीहा, म्हणजे पोटातला तो अवयव जो बुडीत आवळून ऑक्सिजन नेणारं जास्तीचं रक्त सोडतो, शेजारच्या लोकांपेक्षा साधारण 50 टक्के मोठी असल्याचं 2018 मध्ये दिसलं, तेही लोक तपासणीला तयार झाले म्हणूनच. तुमच्या भावाची हौस मला आवडली.

पण नववीतली ती बेशुद्धी लपवायची नाही म्हणजे नाही. लाँग क्यूटी म्हणून हृदयाच्या विजेचा एक जन्मजात दोष असतो, त्याच्या एका प्रकारात खास करून पोहताना ठोके बिघडून माणूस कोसळतो, एरवी अगदी ठणठणीत. त्याला तोच आहे असं मी म्हणत नाही, नाकातोंडात पाणीही गेलं असेल, पण आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा आणि घरात कोणी तरुणपणी अचानक किंवा बुडून गेलं असेल तर तेही सांगा. एक ईसीजी चांगला आला म्हणून विषय संपवू नका, ते ट्रेडमिलवर चालवून टेस्ट करा म्हणाले तर करा.

डॉक्टरांनी होकार दिला तर खुशाल जाऊ द्या. माहितीपत्रक मराठीत मागायचं, एथिक्स कमिटीची, म्हणजे रिसर्चमधल्या माणसांची सुरक्षा बघणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का आणि काही इजा झाली तर उपचार कोण करणार हे विचारायचं, सही केलेल्या कागदाची एक कॉपी घरी. मधेच नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही, मग बोलावणारे त्याचेच सर का असेनात.

आणि तपासणी होईस्तोवर त्याला नदीत उतरू देऊ नका, जाळं टाकायलासुद्धा नाही.