मिरजेहून परदेशी सितार पाठवतोय, सोबत लाख पॉलिशची 200 मिलीची बाटली विमानाने जाईल का?

सितारीच्या खोक्यात गुपचूप टाकून, नाही. रीतसर वेगळी जाते, पण 200 मिलीसाठी तेवढा खटाटोप करू नका. 'बूच गच्च लावलंय, काय होतंय' हे वाक्य बुकिंगला इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

लाख पॉलिश म्हणजे स्पिरिटात विरघळलेली चपडी, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. स्पिरिटचा फ्लॅश पॉइंट 13 अंशांच्या आसपास, म्हणजे मिरजेच्या थंडीतल्या दुपारीसुद्धा त्याची वाफ ठिणगीला पेटते. विमानाच्या नियमात फ्लॅश पॉइंट 60 अंश किंवा त्याखाली असला की द्रव वर्ग 3 मध्ये, म्हणजे ज्वलनशील द्रवांत जातो. तो 23 च्या खाली आणि उकळबिंदू 35 च्या वर असेल, तर पॅकिंग ग्रुप 2, म्हणजे मध्यम धोक्याचा गट. वार्निश, शेलॅक, पॉलिश सगळं यूएन 1263 या धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाखाली येतं. त्यामुळे कागदावर 'वुड ऑइल' लिहिणं ही हुशारी नाही, खोटी घोषणा आहे. जवसाचं तेल वेगळं, त्याचा फ्लॅश पॉइंट 200 च्या वर असतो.

आता त्या गच्च बुचाचं. खाली हवेचा दाब साधारण 100 किलोपास्कल, उडताना मालाच्या कप्प्यात 75 च्या आसपास. बाटलीतली हवा आतून रेटते आणि द्रव आट्यांतून वर चढतो. बुचात पुठ्ठ्याची चकती असेल तर ती आधी भिजते. म्हणून अशा मालाच्या बाटलीने 95 किलोपास्कलचा फरक सोसावा, 55 अंशांनाही ती काठोकाठ भरू नये आणि बूच टेपने किंवा श्रिंक स्लीव्हने अडकवलेलं असावं, असा नियम आहे. गळती झालीच, तर आग राहू द्या, आधी सितार जाते. तिच्या भोपळ्यावर आणि तबलीवरही (भोपळ्यावरची लाकडी पाटी) लाखेचंच पॉलिश असतं. स्पिरिट ते पुन्हा विरघळवतं आणि बबल शीट त्यावर चिकटून बसते. सोलून काढली की सोबत पॉलिशही येतं.

रीतसर जायचं तर मर्यादित मात्रेत, पॅकिंग सूचना वाय341 प्रमाणे, एका खोक्यात जास्तीत जास्त 1 लिटर. खोका 1.2 मीटरवरून पडला तरी टिकला पाहिजे, उभे बाण लागतात, वर्ग 3 चं लेबल लागतं आणि प्रशिक्षित माणसाच्या सहीचं शिपर्स डिक्लरेशन, म्हणजे धोकादायक माल पाठवणाऱ्याचं घोषणापत्र लागतं. मात्रा मर्यादित म्हणून डिक्लरेशन माफ, हा समज रस्त्याच्या मालावरून आलाय. ते माफ होतं एक्सेप्टेड क्वांटिटीत (excepted, म्हणजे अगदी थोड्या मात्रेची सवलत), पण तिथे एक बाटली 30 मिलीची आणि सगळं मिळून 500 मिलीच्या आत. टपालाने नाही, प्रवाशाच्या बॅगेतूनही नाही.

त्यापेक्षा सुकी चपडीच पाठवा. ती वर्ग 3 मध्ये येतच नाही. 100 ग्रॅमची पुडी हवाबंद पिशवीत, उन्हापासून लांब, नाहीतर गोळा होतो. तिकडच्या माणसाला सांगा: तिथलंच अर्धा लिटर डिनेचर्ड स्पिरिट घे, काचेच्या बरणीत रात्रभर भिजव, मलमलीतून गाळ. लोखंडी डबा नको, पॉलिश काळवंडतं. शिवाय तयार पॉलिश जुनं झालं की वाळत नाही, चिकट राहतं. त्याला ताजंच मिळेल.

हे सगळं साध्या स्पिरिट पॉलिशचं. बाजारातला तयार लॅकर असेल तर त्याच्या सेफ्टी डेटा शीटचा (मालाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद) भाग 9 आणि 14 बघा. विमानाने धोकादायक माल नेण्याची नियमावली दर 1 जानेवारीला बदलते, आणि नियमात बसलं तरी कुरिअर 'नाही' म्हणू शकतो.