नायगारा: आधी पासपोर्ट बघा, मग काठ ठरवा

प्रश्न: आई-बाबा जूनमध्ये न्यू जर्सीला आमच्याकडे येताहेत. आम्ही दोघं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, मुलगी इथेच जन्मलेली. नायगारा दाखवायचाच आहे, पण जो तो म्हणतो की बघायचा तर कॅनडाच्या बाजूने, अमेरिकेच्या बाजूला काही मजा नाही. तेवढ्यासाठी त्यांचा कॅनडाचा व्हिसा काढावा का? बाबांचे गुडघे दुखतात, हेही लक्षात घ्यायचंय.

उत्तर: एका संध्याकाळसाठी काढू नका. आता कारणं सांगते.

कॅनडाच्या काठावरून धबधबा समोर दिसतो, हे खरंच आहे. नालेच्या आकाराचा मोठा हॉर्सशू, डावीकडे अमेरिकन फॉल्स, त्याला लागून चिंचोळा ब्रायडल व्हेल, असं सगळं एका नजरेत येतं. फोटो तिथूनच चांगले येतात. अमेरिकेच्या बाजूला मात्र तुम्ही पाण्याच्या शेजारी असता. गोट आयलंड या धबधब्यांमधल्या बेटावर, टेरापिन पॉइंटला कठड्याला टेकून उभं राहा. हिरवंगार पाणी कड्यावरून वळतं आणि खाली पांढरं होऊन नाहीसं होतं, ते अगदी काही पावलांवर. ज्यांनी आयुष्यभर धबधबे पावसाळ्यात माळशेज घाटात गाडीच्या काचेतून पाहिले, त्यांना हेच जास्त भिडतं असं माझं मत. शिवाय हे न्यूयॉर्क राज्याचं उद्यान 1885 पासूनचं आहे आणि तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, फक्त पार्किंगचे द्यावे लागतात.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा कितीही वर्षांचा असला तरी कॅनडाला तो चालत नाही. तुम्हा चौघांनाही वेगळा व्हिजिटर व्हिसा लागेल. आत्ताच्या दराने माणशी 100 कॅनेडियन डॉलर, वर बोटांचे ठसे आणि फोटो यांचे 85, म्हणजे चौघांचे 740. मुलीकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, तिला व्हिसा नको. ग्रीन कार्डवाल्यांनाही नको, वैध पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. टोरांटोला मावशी किंवा मामेभाऊ असेल, आठवडाभर राहायचं असेल तर खुशाल काढा. पण आई-बाबांचा अर्ज ते भारतातून निघायच्या आधीच झालेला बरा. इथे आल्यावर करायचा म्हणजे ठशांसाठी अपॉइंटमेंट, मग पासपोर्ट पाठवून शिक्क्याची वाट बघायची, आणि त्यांचे इथले निम्मे दिवस त्यातच जायचे.

एक गैरसमज तर मंडळाच्या प्रत्येक गणपतीत ऐकू येतो: ‘पुलावरून कॅनडात जाऊन परत आलं की अमेरिकेत राहायला नवीन सहा महिने मिळतात.’ मिळतात असं धरून चालू नका. कॅनडात जेमतेम चार दिवस काढून परतलेल्या पाहुण्यांना सहसा जुन्याच आय-नाइन्टीफोरची (म्हणजे अमेरिकेत कुठल्या तारखेपर्यंत राहता येईल त्या नोंदीची) उरलेली मुदत मिळते. परतीचं तिकीट त्याच तारखेच्या आतलं हवं. तुमच्या दोघांच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला असेल आणि आय-नाइन्टीफोर चालू असेल, तर 30 दिवसांच्या आत परत येण्याची सवलत आहे; मात्र त्या दिवसांत तिथे नव्या व्हिसाचा अर्ज केला की ती सवलत गेली. स्टेटस बदलायचा किंवा मुदतवाढीचा कुठलाही अर्ज अडकलेला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पुलावर पाऊल टाकू नका.

कॅनडातल्या मिसिसॉगा, ब्रॅम्प्टनच्या वाचकांचं गणित उलटं आणि सोपं. तुमचे आई-बाबा कॅनडाच्या व्हिसावर आलेत, समोरचा देखावा दीड-दोन तासांवर आहे. अमेरिकेच्या व्हिसाच्या मागे लागू नका.

हॉटेलचं बुकिंग करताना डोळे उघडे ठेवा. नायगारा फॉल्स नावाची दोन गावं आहेत, नदीच्या एका काठाला न्यूयॉर्कमधलं आणि दुसऱ्या काठाला ऑन्टारियोतलं. ‘धबधब्यापासून पाच मिनिटं’ असलेली स्वस्त खोली पलीकडच्या काठावर निघाली तर कठीण. फोनवरच्या नकाशालाही हाच गोंधळ घालता येतो. त्याच्या मागे डोळे झाकून गेलात तर गाडी थेट कॅनडाला जाणाऱ्या रेनबो ब्रिजच्या रांगेत लागायची, आणि एकदा पूल चढला की माघारी फिरतानाही अमेरिकेचा इमिग्रेशन अधिकारी आहेच. म्हणून पलीकडे जायचं नसलं तरी सगळ्यांचे पासपोर्ट जवळ ठेवा.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासहून गाडीने साडेसहा-सात तास लागतात. एका दमात जाऊ नका. वाटेत कॉर्निंगला काचेचं संग्रहालय आहे: बसायला जागा, स्वच्छ स्वच्छतागृहं, आणि काच फुंकून भांडी घडवताना बघायला मिळतं. वॉटकिन्स ग्लेनची घळ सुंदर आहे, पण तिथे पायऱ्याच पायऱ्या, बाबांसाठी नको.

बाबांच्या गुडघ्यांना मेड ऑफ द मिस्टची बोट चालेल. खाली जायला लिफ्ट आहे. बोटीवर मात्र उभं राहावं लागतं, तेव्हा कठड्याची जागा आधी पकडा. निळा रेनकोट देतात, तरी आईंनी त्या दिवशी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातलेला बरा, कारण ओल्या निऱ्या पायात येतात. केव्ह ऑफ द विंड्स ही धबधब्याच्या पायथ्याशी नेणारी फेरी; तिथे लिफ्टने उतरल्यावर लाकडी जिने आहेत. बर्फामुळे ते दर हिवाळ्याआधी काढतात आणि वसंतात पुन्हा बांधतात. शेवटच्या हरिकेन डेकवर ब्रायडल व्हेलचं पाणी जेमतेम सहा मीटरवर कोसळतं. तिथे मुलीला घेऊन तुम्ही जा, आजी-आजोबांना खालच्या पायरीपाशीच थांबू द्या. उद्यानात हंगामात ट्रॉली फिरते, तिचं तिकीट काढून टाका.

इंद्रधनुष्य हवं असेल तर टेरापिन पॉइंटवर सकाळी जा, सूर्य पाठीशी असतो. रात्री रंगीत दिवे सोडतात, पण जूनमध्ये रात्री दहानंतर पाणी कमी करतात. 1950 च्या करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला निदान एक लाख घनफूट पाणी कड्यावरून सोडावंच लागतं, रात्री त्याच्या निम्मं पुरतं. बाकीचं दोन्ही देश विजेसाठी वळवतात. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा आणि गोट आयलंडवरच्या वीज-संशोधक निकोला टेस्लाच्या पुतळ्यापाशी तासभर मोकळा ठेवा.

तारीख निवडताना जूनमधला आठवड्याच्या मधला वार बघा. चार जुलैच्या आसपास अजिबात नको, कारण एक जुलैला कॅनडाचीही सुट्टी असते आणि दोन्ही काठ माणसांनी भरतात.

धबधब्याजवळ भारतीय जेवण मिळतं, बहुतेक पंजाबी. आईंचा उपास असेल तर घरूनच डबा घ्या. कॅनडाला जाणार असाल तर परतताना ताजी फळं आणि कढीपत्ता गाडीत नको. अमेरिकेत ताजा कढीपत्ता बाहेरून आणायला बंदी आहे, आणि विचारल्यावर खाण्याचं सगळं सामान खरं सांगायचं. आईंच्या आरोग्यविम्यात कॅनडा धरलाय का, भाड्याच्या गाडीला पलीकडे परवानगी आहे का, हेही निघण्याआधी फोन करून विचारा.

आणि गोट आयलंडवर उतरण्याआधी सगळ्यांच्या फोनचं डेटा रोमिंग बंद करा. काठावर उभं असताना फोन कॅनडाचा टॉवर पकडतो आणि बाबा पुण्याला व्हिडिओ कॉल लावून बसलेले असतात.